शब्दचर्चा : 'रूकी', 'ड्राफ्ट' आणि पहिल्या कराराचे पैसे

पुण्याहून

अमेरिकन फुटबॉलवरचा एक लेख मराठीत आणतेय. खेळ मला जेमतेम कळतो, पण अडलेय ती शब्दांपाशी. मूळ वाक्याचा आशय असा, की 'रूकी'ला पहिल्या करारात किती पैसे मिळणार हे त्याच्या 'ड्राफ्ट पोझिशन'वर ठरतं. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'लिलावात ज्याचा क्रमांक वर, त्या नवशिक्याला मोठा करार मिळतो.' मोठ्याने वाचल्यावर काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. लिलाव, क्रमांक, नवशिका, करार. यांतला कोणता शब्द ठेवू आणि कोणता काढू?

नाशिकहून

'नवशिका' आधी काढा. ज्याला अजून काम येत नाही तो नवशिका. गाडी शिकणारा नवशिका, पेटी शिकणारा नवशिका. हे खेळाडू शाळा सुटल्यावर किमान तीन वर्षं झाल्याखेरीज एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, येऊच शकत नाहीत, आणि ती वर्षं बहुतेकांनी कॉलेजच्या संघांत, भरलेल्या मैदानांवर काढलेली असतात. क्रीडापानांवर 'नवोदित' लिहितात, तेच लिहा. 'नवखा'ही चालेल, पण त्यात गांगरलेपणाची छटा आहे.

डॅलसहून

ताई, मला वाटतं चारही शब्दांना थोडा थोडा धक्का लागेल. मी हा खेळ बरीच वर्षं पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'लिलाव' तर पूर्ण चूक. आयपीएलमुळे आपल्या डोक्यात खेळाडूंची वाटणी म्हणजे लिलाव असं पक्कं बसलंय. लिलावात बोलीतून किंमत ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतवरची बोली २७ कोटी रुपयांपर्यंत चढली, कारण तो एकापेक्षा जास्त संघांना हवा होता. ड्राफ्टमध्ये पैशाचा आकडा कुणी उच्चारतच नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, अडीचशेच्या वर नावं. आपली वेळ आली की संघ एक नाव घेतो, आणि त्या मुलाशी बोलणी करायचा हक्क त्याच संघाकडे जातो. लहानपणी दोन कप्तान समोरासमोर उभे राहून भिडू वाटून घ्यायचे ना, अगदी तसं. फरक एवढाच, की मागच्या हंगामात ज्याची सर्वांत वाईट गत झाली त्या संघाची वेळ पहिली, आणि अजिंक्य संघाची फेरीत शेवटची.

'ड्राफ्ट' म्हटलं की आपल्याला मसुदा आठवतो, नाहीतर बँकेचा डिमांड ड्राफ्ट. तिन्हींच्या मुळाशी ओढणे, खेचणे या अर्थाचं एकच इंग्रजी क्रियापद आहे: कागदावर रेघा ओढणं, खात्यातून पैसे ओढणं, लोकांमधून माणसं ओढून घेणं. सक्तीच्या लष्करभरतीलाही हाच शब्द आहे, आणि खेळातल्या अर्थाला तो जवळचा वाटतो, कारण इथेही निवड करणारा एक आणि जाणारा दुसरा. मी 'ड्राफ्ट'च ठेवला असता, नाहीतर 'निवडफेरी'.

आता 'क्रमांक'. तुम्हाला खटकलं ते बहुधा इथेच. मराठीत 'त्याचा पहिला क्रमांक आला' म्हटलं की गुणवत्ता यादी समोर येते. यश मुलाचं, म्हणून क्रमांकही मुलाचा. ड्राफ्टमधला आकडा मुळात खेळाडूचा नसतोच, तो संघाच्या वेळेचा असतो. संघ तो आकडा जवळ ठेवतात किंवा दुसऱ्याला देऊन टाकतात. २०२३ मध्ये शिकागो बेअर्सकडे पहिली निवड होती. त्यांनी ती कॅरोलायना पँथर्सना दिली आणि बदल्यात जे घेतलं त्यात कॅरोलायनाची पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली निवडही होती. त्या हंगामात कॅरोलायना १७ पैकी १५ सामने हरली. त्यामुळे २०२४ ची पहिली निवड खरं तर त्यांची व्हायची, पण ती शिकागोकडे गेलेली होती. शिकागोने त्या जागी केलेब विल्यम्सचं नाव घेतलं. म्हणजे आकडा जन्मला कॅरोलायनाच्या पराभवांतून, हातात आला शिकागोच्या, आणि त्या आकड्याला चिकटलेले पैसे मिळाले विल्यम्सला. 'विल्यम्सने पहिला क्रमांक पटकावला' असं लिहिलं की ही सगळी गोष्ट पुसली जाते. 'पहिल्या क्रमांकावर निवड झाली' इथवर ठीक. 'निवडक्रम' हा शब्द मला त्याहून सरळ वाटतो.

पैसे आकड्याला चिकटलेले असतात हे मी शब्दशः म्हणतोय. दर वर्षी संघांच्या एकूण पगारावर एक मर्यादा येते (२०२४ ला ती प्रत्येक संघामागे २५ कोटी ५४ लाख डॉलर होती) आणि तिच्याशी जोडून प्रत्येक निवडक्रमाची रक्कम आधीच ठरते. विल्यम्सचा हिशेब पाहा. त्या वर्षी नव्या खेळाडूचा किमान पगार ७,९५,००० डॉलर. सही करताना एकरकमी मिळाले सुमारे २ कोटी ५५ लाख. हे पैसे कागदोपत्री चार वर्षांवर सारखे वाटायचे, म्हणजे वर्षाला साधारण ६४ लाख. त्यात किमान पगार मिळवला की पहिल्या वर्षाचा आकडा येतो सुमारे ७१ लाख ८० हजार. पुढे दर वर्षी वाढ मिळते ती या पहिल्या आकड्याच्या २५ टक्के, त्याहून जास्त नाही. चार वर्षांची बेरीज होते सुमारे ३ कोटी ९५ लाख. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, बरोबर येतं. पहिल्याच फेरीत, पण ३२व्या जागी निवड झालेल्याला याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

२०२५ चं उदाहरण तर मन लावून पाहण्यासारखं आहे. दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारे. कॅम वॉर्डची निवड पहिल्या क्रमांकावर झाली, चार वर्षांचे सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलर. शेडूर सँडर्स पहिल्या फेरीत जाईल असा अनेकांचा अंदाज होता. एकामागून एक संघ त्याचं नाव न घेता पुढे गेले, आणि पाचव्या फेरीत १४४व्या जागी क्लीव्हलंडने त्याला घेतलं: सुमारे ४६ लाख. त्या दिवसांत त्याच्या खेळात काहीच बदललं नव्हतं. बदलला तो फक्त निवडक्रम.

बीडहून

दादा, सही करताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांना आमच्याकडचा 'उचल' शब्द लावता येईल का? ऊसतोडीला जायच्या आधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो. काम सुरू व्हायच्या आधी हातात पडणारी मोठी रक्कम, म्हणून सुचलं.

डॅलसहून

सुचलेला शब्द जिवंत आहे, पण मी तो इथे वापरणार नाही. उचल फेडावी लागते. हंगामभर ऊस तोडून ती अंगावरून उतरवायची, आणि नाही उतरली तर पुढच्या हंगामाला बांधून घ्यायचं. त्या शब्दात कर्जाचा भार आहे आणि तो तसाच राहू द्यावा. इथले पैसे मिळाले की खेळाडूचे झाले. तो करार अर्धवट टाकून निघून गेला किंवा अशी काही मोठी चूक त्याच्याकडून झाली, तरच संघ त्यातला भाग परत मागू शकतो. 'विसार'ही पाहिला होता, पण विसार मालाच्या किमतीतून वळता होतो आणि माणसाला तो शब्द लावायला जीभ वळत नाही. 'सहीची रक्कम' एवढं साधं लिहावं.

पुण्याहून

म्हणजे 'करार' हा शब्दही काढायचा? रक्कम आधीच ठरलेली, मुदत आधीच ठरलेली. मग करार करायचा कशाचा?

डॅलसहून

तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. आणि उत्तर २०११ मध्ये आहे.

त्याआधी खरोखर करार होत, घासाघीस होई. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवड झालेल्या सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुईस रॅम्सने सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले, त्यात ५ कोटींची हमी, म्हणजे संघाने काढून टाकलं तरी मिळणारे पैसे. एनएफएलचा एकही सामना तो खेळलेला नव्हता. २००७ चा पहिला जमार्कस रसेल हंगामाचे पहिले सामने होऊन गेले तरी सही न करता अडून बसला होता. (इंग्रजीत याला 'होल्डआउट' म्हणतात, आपलं 'अडून बसणं' त्याला तंतोतंत लागू पडतं.) तीन हंगामांत त्याला संघाने मोकळं केलं. मालक चिडले होते आणि जुने खेळाडूही नाराज होते, की आम्ही दहा वर्षं अंग झिजवतो आणि मैदान न पाहिलेला पोरगा आमच्यापेक्षा जास्त घेऊन जातो.

२०११ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. हा शब्द मी गिरणगावातल्या अर्थाने वापरतोय, साथीच्या काळातल्या नव्हे: मालकाने कामगाराला दाराबाहेर ठेवणं. मार्चपासून जुलैपर्यंत ती चालली, आणि शेवटी खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात जो सामूहिक करार झाला त्यात नव्यांचे दर बांधले गेले. त्याच वर्षी पहिला आलेला (पाहा, माझ्याही तोंडी तेच बसलंय), पहिल्या क्रमांकावर निवड झालेला कॅम न्यूटन चार वर्षांच्या सुमारे २ कोटी २० लाखांवर आला. एका वर्षात एवढी घसरण.

म्हणून 'करार' दोन आहेत. खरा करार तो सामूहिक. मुलगा ज्याच्यावर सही करतो तो त्या कराराने आखून दिलेला रकाना आहे. ड्राफ्टमध्ये निवड झालेल्या प्रत्येकाला चार वर्षं, आणि तिसरा हंगाम संपेपर्यंत रक्कम वाढवून मागायची सोय नाही. पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षाचा एक पर्याय असतो, पण तो संघाच्या हातात. मला यातली एक गोष्ट बोचते: ज्यांचे दर कापले गेले ती मुलं तेव्हा कॉलेजात होती, संघटनेची सभासद नव्हती. त्या टेबलावर त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं.

सरकारी भाषेतला 'वेतनश्रेणी' शब्द याला जवळचा आहे. पण वेतनश्रेणीत पद पाहून पगार ठरतो आणि इथे पद कुणी पाहत नाही. क्वार्टरबॅक असो की बचावफळीतला, दहाव्या जागी निवड झालेल्याला दहाव्या जागेचेच पैसे.

नाशिकहून

मग बोलणी अजिबातच उरली नाहीत?

डॅलसहून

उरलीत, पण कडेकडेने. हमी किती रकमेची, सहीचे पैसे कोणत्या महिन्यात मिळणार, संघाने काढून टाकल्यावर दुसरीकडे मिळालेला पगार हमीतून वजा करायचा की नाही. २०१६ मध्ये तिसऱ्या जागेवरचा जोई बोसा याच मुद्द्यांवर ऑगस्टअखेरपर्यंत अडून बसला होता. २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत ३४व्या जागेच्या जेडन हिगिन्सला ह्यूस्टनने पूर्ण रकमेची हमी दिली, लगोलग ३३व्या जागेच्या कार्सन श्वेसिंगरला क्लीव्हलंडने दिली, आणि त्या फेरीतले उरलेले ३० जण 'आम्हालाही' म्हणून जुलैपर्यंत सहीविना थांबले. रक्कम कुणीच वाढवून मागत नव्हतं, ती वाढणारच नव्हती. मागणी फक्त हमीची होती. म्हणून 'हमी' हा शब्द तुमच्या लेखात 'रक्कम'पासून वेगळा दिसू द्या.

आता 'रूकी'. नाशिककरांचा 'नवोदित' चुकीचा नाही, पण मला त्यात उगवतीचा उजेड जास्त दिसतो आणि बंधन कमी. माझं मत 'उमेदवार'च्या बाजूने आहे. आज आपण तो निवडणुकीपुरता ठेवलाय. जुन्या कचेऱ्यांत मात्र उमेदवार म्हणजे पुढे जागा मिळेल या उमेदीवर आज थोडक्यात राबणारा माणूस. 'उमेदवारीची वर्षं' हा प्रयोग अजूनही सगळ्यांना कळतो. इंग्रजी 'रूकी'ही लष्करी बोलीतला, रंगरुटासाठीचा शब्द. म्हणजे नवेपणाइतकंच त्यात कुणाच्या तरी हुकमाखाली असणं आहे.

ब्रॉक पर्डीचं पाहा. २०२२ च्या ड्राफ्टमधलं शेवटचं, २६२वं नाव. शेवटच्या खेळाडूला तिथे 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणायची १९७६ पासूनची प्रथा आहे. 'खिजगणतीत नसलेला' हे मला त्याचं मराठी वाटतं. सहीची रक्कम ७७,००८ डॉलर, चार वर्षांचे मिळून सुमारे ३७ लाख. दुसऱ्याच हंगामात त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तेव्हा त्याचा वर्षाचा पगार होता ८,७०,००० डॉलर. संघाला वाटलं असतं तरी तेव्हा तो वाढवता येत नव्हता. तीन हंगाम पूर्ण झाले आणि मे २०२५ मध्ये पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला. त्या तीन वर्षांना उमेदवारी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

बीडहून

'उमेदवारीचा करार' मला पटला. आमच्या आजोबांच्या तोंडी हाच अर्थ होता. दोन वर्षं उमेदवारी केली, मग कायम झालो, असं सांगायचे.

नाशिकहून

पटतंय, पण शीर्षकात नको. 'उमेदवाराला ३ कोटी ९५ लाख' वाचून लोक निवडणुकीची बातमी समजतील. शीर्षकात 'नवोदित', आत 'उमेदवारीचा करार'.

पुण्याहून

वाक्य असं केलंय: 'नव्या खेळाडूच्या उमेदवारीच्या करारात किती पैसे असतील हे ड्राफ्टमधल्या निवडक्रमावर ठरतं, तो आकडा संघाच्या वेळेचा असतो, खेळाडूच्या गुणांचा नव्हे.' दुसरा अर्धा भाग मूळ लेखात नाही. संपादकांना विचारून ठेवीन. 'रूकी' पहिल्यांदा येईल तिथे तसाच राहू देते, कारण सामना पाहताना वाचकांच्या कानावर तोच पडणार. मूळ लेखात निवडक्रमाच्या ठरलेल्या रकमेला 'स्लॉट' म्हटलंय, त्याला 'रकाना' घेतलाय, वर तुम्ही ओघात वापरलात तोच.