बालीत वरखर्च किती धरावा?

घोडबंदरवाली: दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन बालीला जातेय. तिकिटं, हॉटेल झालंय. बाकी किती लागेल? आई शाकाहारी आहे.

वाशीकर: विमानतळावरचा व्हिसा माणशी ५ लाख रुपिया (म्हणजे इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हेत). फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटकांकडून दीड लाख वेगळे घेतात, ते घरूनच ऑनलाइन भरून टाक.

जेवायला वारुंग गाठ, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळी. भात, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), दोन भाज्या असं ताट तीस-चाळीस हजारांत मिळतं आणि चव खरंच छान असते. आईंसाठी मात्र प्रत्येक ठिकाणी विचार, सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेकदा कोळंबीची पेस्ट असते. मोठ्या रेस्टॉरंटच्या मेनूवर 'प्लस प्लस' दिसलं की कर आणि सर्व्हिस मिळून बिल २१ टक्क्यांपर्यंत वाढतं.

घोडबंदरवाली: हे कोणीच सांगितलं नव्हतं! फिरायला स्कूटर घेऊ?

वाशीकर: आईबाबांसोबत अजिबात नको. ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी ठरव, भाडं आधीच बोलून घे. उबुद आणि उलुवातू एकाच दिवशी नको, निम्मा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो.

ऐरोलीकर: नोव्हेंबरात तिथे पाऊस सुरू होतो. छत्र्या इथूनच ने.