व्यवसायोपचारात डॉक्टरेट कशासाठी? एका पोस्टला सविस्तर उत्तर

कृष्णाकाठ
परवा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिले की व्यवसायोपचारात (आजारानंतर किंवा अपंगत्वात रोजची कामे करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीत) पीएचडी किंवा ओटीडी (याच विषयातली व्यावसायिक डॉक्टरेट) करणे ही नावाआधी 'डॉ.' लावण्याची हौस आहे, रुग्णाला त्याचा काडीचा उपयोग नाही, साडेचार वर्षांची पदवी आणि हातातले कसब पुरे आहे. मी तीन वर्षांपासून नोकरी सांभाळून पीएचडी करते आहे, त्यामुळे ते वाक्य जिव्हारी लागले हे आधीच सांगून टाकते.

साताऱ्याकडच्या एका गावातल्या आजी पक्षाघातानंतर चार महिन्यांनी माझ्याकडे आल्या. रोजची कामे किती जमतात हे मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्स या मोजपट्टीवर त्यांना शंभरपैकी ९५ गुण पडले, म्हणजे कागदावर त्या जवळजवळ पूर्ण स्वावलंबी होत्या. त्या मात्र सुनेकडे बघत म्हणाल्या, "मला भाकरी जमंना झालीया." मी परात आणि पीठ मागवून घेतले. थापताना भाकरी गोल फिरवण्यासाठी बोटांनी जी हलकी सरक द्यावी लागते, ती उजव्या हातात उरली नव्हती; भाकरी एका अंगाला जाड राहायची आणि उचलताना फाटायची. जमिनीवर बसून उठता येत नसल्यामुळे चुलीपुढची जागा सुनेकडे गेली होती आणि घरातला शब्दही त्या जागेबरोबर गेला होता. १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या मोजपट्टीत जेवणाच्या कलमात घास कापणे आणि लोणी लावणे आहे. मांडी घालणे, उकिडवे बसणे, लुगडे नेसणे कुठेच नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली आणि १९५२ साली व्यवसायोपचाराचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक देशांत होता. एवढा जुना वारसा असताना आपण आजही बहुतेक मोजपट्ट्या उसन्या वापरतो. आपल्या माणसांसाठी नवी मोजपट्टी करायची तर रुग्णांशी आणि घरच्यांशी बोलून कलमे काढावी लागतात, ती तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागतात, दोन थेरपिस्टांनी स्वतंत्रपणे दिलेले गुण जुळतात का ते पाहावे लागते आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. दोन रुग्णांच्या मधल्या दहा मिनिटांत हे होत नाही; त्यासाठीच डॉक्टरेट असते.

ओपीडी_२२
ती पोस्ट माझी होती, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. आजींना भाकरी जमत नाही हे आपल्याला कळले ते त्यांनी सांगितले म्हणून आणि आपण परात मागवली म्हणून. पीएचडी आहे म्हणून नव्हे. हेच माझे म्हणणे होते. बावीस वर्षांत मी चमच्याच्या दांड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून शेकडो रुग्णांना स्वतःच्या हाताने जेवते केले आहे आणि त्यासाठी मला कोणताही प्रबंध लिहावा लागला नाही.

शिवाय आपण पीएचडी आणि ओटीडी एकाच पिशवीत घातलेत. पीएचडी हे संशोधन आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. ओटीडीचे काय? अमेरिकेत २०१७ साली या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेने जाहीर केले की १ जुलै २०२७ पासून या व्यवसायात प्रवेश करायचा तर डॉक्टरेटच लागेल. पुढच्याच वर्षी तो निर्णय स्थगित करावा लागला आणि २०१९ साली मास्टर्स व डॉक्टरेट हे दोन्ही मार्ग खुले ठेवण्याचे ठरले. दोन्ही पदवीधरांना परीक्षा तीच आणि परवानाही तोच. असे असताना आपली मुले घरावर कर्ज काढून तिकडे ओटीडीला जातात. माझी एक विद्यार्थिनी गेली. परत फोन आला तेव्हा ती एका वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात दिवसातली किती टक्के मिनिटे रुग्णांच्या 'बिलात' लावता आली याचा हिशेब देत होती, आणि शेजारच्या टेबलावर मास्टर्स झालेली मुलगी तेच काम त्याच पगारात करत होती.

हडसनपार
न्यू जर्सीतून लिहिते आहे. माझी मुलगी सध्या ओटीडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून राहवले नाही. परीक्षा आणि परवाना एकच, हे खरे आहे. पण मास्टर्सप्रमाणे २४ आठवड्यांचे पूर्णवेळ फील्डवर्क झाल्यावर डॉक्टरेटला १४ आठवड्यांचा कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा प्रकल्प, असतो, आणि त्यात विद्यार्थी एक प्रश्न हातात घेऊन तडीस नेतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला स्वयंपाकघरात सुरक्षित कसे वावरता येईल, यावर माझी मुलगी काम करणार आहे. ती वृद्धांच्या केंद्रात काम करेल की आणखी कुठे, हे तिचे ती ठरवेल; तिथे काम करणे कमीपणाचे आहे असा सूर आपल्या लिखाणात का आला?

पैशाच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे मला नाइलाजाने मान्य आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी इथले ग्रॅड प्लस हे उच्च शिक्षणाचे सरकारी कर्ज बंद. ज्या पदव्या 'प्रोफेशनल' धरल्या जातील त्यांना दोन लाख डॉलरपर्यंत सरकारी कर्ज आणि बाकीच्यांना एक लाखापर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या शिक्षण खात्याच्या समितीने अशा पदव्यांची जी यादी मान्य केली तीत कायरोप्रॅक्टिक आहे, धर्मशास्त्र आहे, पण व्यवसायोपचार नाही. ते वाचून माझी मुलगी रडली. आम्ही दोघे नोकरी करतो म्हणून तिचे निभते आहे, पण तिच्या मागून येणाऱ्या सगळ्यांचे आईवडील तसे नाहीत.

वॉर्ड_नंबर_९
मी निवासी डॉक्टर आहे. मोजपट्टी, कर्ज वगैरे ठीक आहे, परंतु मूळ दुखणे 'डॉ.' हेच आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. छत्तीस तास ड्यूटी करून मी वॉर्डात उभा असतो आणि नातेवाईक सांगतात की "दुसऱ्या डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितले." चौकशी केली तर ते थेरपिस्ट निघतात. औषध बंद करा असे ते म्हणालेही नसतील. पण रुग्णाने ऐकले ते 'डॉक्टर' म्हणून ऐकले. पीएचडी करा, ओटीडी करा, रुग्णासमोर ही उपाधी वापरू नका.

कोल्हापुरी_फिजिओ
हे ठरवणारे आपण कोण? २०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्यासारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टला नावाआधी 'डॉ.' आणि नावानंतर 'पीटी' लावण्याची मुभा दिली गेली. सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने मनाई करणारे पत्र काढले आणि लगेच मागे घेतले. ज्यांना स्वतःचा निर्णय एक आठवडा टिकवता येत नाही, त्यांच्या जोरावर आम्हाला खडसावू नये.

वॉर्ड_नंबर_९
पत्र मागे घेतले म्हणून रुग्णाचा गोंधळ मागे घेतला गेला का? आपण नियमाबद्दल बोलता, मी खाटेशेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाबद्दल बोलतो आहे.

कोल्हापुरी_फिजिओ
मग त्या नातेवाइकाला कोण काय करते हे नीट समजावून सांगण्याची जबाबदारी आपलीही आहे. माझ्या विभागात एका वरिष्ठांनी रुग्णासमोर मला "ए मालिशवाली" म्हणून हाक मारली होती. त्या दिवशी रुग्णाचा अजिबात गोंधळ झाला नाही. त्याने दुसऱ्या दिवसापासून माझे व्यायाम करणेच सोडले. उपाधी आम्हाला मिरवण्यासाठी नको आहे, रुग्णाने सांगितलेले ऐकावे म्हणून हवी आहे.

वॉर्ड_नंबर_९
त्या वरिष्ठांचे वागणे निंद्य होते आणि त्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. माझे मत तरीही बदललेले नाही. जिने पाच वर्षे पीएचडी केली तिने जरूर 'डॉ.' लावावे, मात्र पहिल्याच वाक्यात आपण कोण ते सांगावे. पदवीनंतर लगेच लावू नये.

ओपीडी_२२
पाहिलेत? विषय रुग्णाचा होता आणि चर्चा नावाच्या पाटीवर गेली. याचीच मला भीती होती म्हणून ती पोस्ट लिहिली.

कृष्णाकाठ
सर, पाटीचा विषय आपल्या पोस्टच्या पहिल्या वाक्यात होता. माझ्या उत्तरात आजी होत्या, त्यांच्यावर आपण एक ओळ लिहिलीत आणि पुढे निघून गेलात. मी परात मागवली हे खरे. पण माझ्या जागी नुकतीच पास झालेली मुलगी असती तर तिने हातातल्या कागदावर ९५ लिहून आजींना घरी पाठवले असते आणि तिला दोष देता आला नसता. कसब आपल्या हातात आहे ते आपण निवृत्त झालात की आपल्याबरोबर जाईल. ते कागदावर आणणारे कोणी हवे की नको?

पाटीपेन्सिल
कागदावर आणायला तयार असणाऱ्यांचे काय होते तेही ऐका. मी एमओटीएच (व्यवसायोपचारातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर पीएचडीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. मार्गदर्शक मिळेना, कारण आपल्या विषयात मान्यताप्राप्त गाईड मोजकेच आणि त्यांच्या जागा भरलेल्या. एकांनी होकार दिला, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) तीनदा बदलून घेतला, एथिक्स कमिटीपुढे विषय जायच्या आधी त्यांची बदली झाली आणि माझी दोन वर्षे गेली. आज मी शाळांमध्ये लेखनातल्या अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करते. तिथले पालक 'व्यवसायोपचार' हा शब्द वाचून विचारतात की मुलाला नोकरी लावून देणार का! शासनाच्या २००२ च्या परिषद कायद्यापासून हेच नाव आहे, त्यामुळे बदलाची आशा नाही, पण दर वेळी पहिली दहा मिनिटे त्यातच जातात.

चिमणीचा_बाबा
मी तुमच्यापैकी कोणी नाही. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन वर्षांत चार थेरपिस्ट बदलल्या आणि प्रत्येकीला मी गरोदरपणापासूनची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. तिसरी मुलगी प्रबंध करत होती. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मी अर्धा दिवस बिनपगारी रजा टाकून मुलीला घेऊन गेलो. मुलगी पेला दोन्ही हातांनी धरायला लागली. व्हिडिओ काढले, सह्या घेतल्या. प्रबंध सादर झाला आणि त्या दिवसापासून आमचा वारही संपला. काय निष्कर्ष निघाला, हे आजपर्यंत आम्हाला कोणी सांगितलेले नाही. पेला आता पुन्हा एका हाताने धरते आणि सांडते. तुमच्या डॉक्टरेटमध्ये माझ्या मुलीचा नंबर कितवा होता, एवढे तरी मला कळायला हवे होते.

कृष्णाकाठ
दादा, आपले लिहिलेले दोनदा वाचले. याचे समर्थन करता येणार नाही. माझ्या अभ्यासात आतापर्यंत ४१ कुटुंबे आहेत आणि त्यांना निष्कर्ष कळवायचे माझ्या आराखड्यात नव्हते. सह्या घेण्याच्या कागदावर ते ओघात एका ओळीत आहे, एवढेच. प्रत्येक घरी मराठीत एक पान आणि एक फोन, हे मी आता लिहून घेतले आहे. चिमणीसाठी, पेला जड बुडाचा आणि दोन कानांचा घ्या, अर्धाच भरा, आणि टेबल तिच्या कोपराच्या उंचीला येईल असे बघा. हे उपचाराच्या जागी नाही, पण सांडणे कमी होईल.

ओपीडी_२२
संशोधन थांबले की उपचार थांबतो, ही तक्रार मी वीस वर्षे करतो आहे. ती एका वडिलांच्या तोंडून यावी लागली. ओटीडीबद्दल मी लिहिले त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. कर्ज काढून तिकडे जाऊ नका, हेच मी विद्यार्थ्यांना सांगत राहणार.

पीएचडीबद्दल मी अति सरसकट लिहिले, हे मान्य करतो. ताई, आपली कलमे मला पाठवा. माझ्याकडे दर आठवड्याला पक्षाघाताचे पाच-सहा रुग्ण येतात आणि त्यातले बरेच शेतकरी आहेत. त्यात 'उकिडवे बसणे' असे एकच कलम असेल तर ते आत्ताच मोडा. शौचाला बसणे वेगळे आणि खुरपत पुढे सरकताना बसणे वेगळे; पहिल्यात माणूस भिंतीला हात लावतो, दुसऱ्यात दोन्ही हात कामात असतात. पहिले जमणारे माझे निम्मे रुग्ण दुसऱ्यात पडतात.

कृष्णाकाठ
एकच कलम होते, सर. आज रात्री मोडते आणि पाठवते.