माळ्यावरची कॉमिक्स: कोकणातल्या मंडळींनो, तुमचे अनुभव लिहा

पडवीतली (रत्नागिरी):
मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेय. जुनी कॉमिक्स जमवणारे पुण्या-मुंबईकडे भरपूर आहेत, पण आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे अंक यायचा उशिरा, वाचायची अख्खी वाडी, आणि त्यातून जे उरायचं त्याच्यावर चार महिन्यांचा पाऊस. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० ला बंद केलं, मधल्या काळात आठशेच्या वर अंक निघाले. इंग्रजी अंक मला शोधले की मिळतात. मराठी मात्र फार कमी दिसतात, आणि आपण तर सगळं मराठीतच वाचलेलं ना! जमवणाऱ्यांना कोरा करकरीत अंक हवा असतो, मला मात्र आपल्या घरांतले, नाव घातलेले, मुखपृष्ठ गेलेले मराठी अंक जपले जावेत असं फार वाटतं, कारण ते दुसरीकडे कुठे असतील याची काही खात्री नाही. तर तुमच्याकडे काय होतं, कुठून आलं, काय टिकलं, कसं टिकवलं, सगळं लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

बंदरावरचो (मालवण):
आमच्याकडे वेताळ, म्हणजे इंद्रजालमधला फँटम, आगबोटीने यायचा. मामा परळला गिरणीत होते, मे महिन्यात रजा टाकून यायचे, बोट आत लागायची नाही, लांब उभी राहायची आणि होडीतून माणसं न् ट्रंका किनाऱ्याला. मामांच्या ट्रंकेत वरती साड्या, खाऊ, आणि एकदम तळाला कागदात गुंडाळलेली इंद्रजाल. नवीन नसायचीच ती, लालबागच्या रद्दीवाल्याकडून घेतलेली, कुणातरी दुसऱ्याच पोराचं नाव पहिल्या पानावर. आम्ही त्याच्या खाली आपली नावं घालायचो, मग ज्याला वाचायला दिलं तोही घालायचा, असं करत एकेका अंकावर सगळ्या वाडीची हजेरी लागलेली असायची. आजी ओरडायची, "रे मेल्यानू, जेवक येवा आदी, तो वेताळ काय पळान जाणा नाय!" आणि आम्ही मांगरात लपून वाचत बसलेलो. वेताळाच्या अंगठीने गुंडाच्या जबड्यावर कवटी उमटते ना, तर आम्ही कच्च्या पपईच्या फोडीवर कवटी कोरायचो, रातांब्याच्या रसात बुडवायचो आणि एकमेकांच्या गालावर ठसे. दोन दिवस जात नसे तो रंग, शाळेत मास्तर विचारायचे.

त्यातले काही अंक अजून आहेत माझ्याकडे. वेताळ मूळ अमेरिकेतला, ली फॉक यांनी १९३६ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीसाठी काढलेला, हे मला फार नंतर कळलं. लहानपणी तो आमच्याच देवराईत कुठेतरी राहतो असंच डोक्यात होतं. देवराईत एकटं जायची भीती आणि वेताळावरची माया दोन्ही एकाच वेळी, कसं सांगू तुम्हाला.

आंबेवाला (देवगड):
आमचे अंक आंब्याच्या पेट्यांतून गेले. खरंच. हंगामात पेटीला खालीवर रद्दी लागते, गवतावर घालायला, एका वर्षी घाईत कुणीतरी माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला आणि वाशी मार्केटला गेला तो हापूसबरोबर. मी कॉलेजला होतो, घरी आलो तेव्हा माळा रिकामा. अजूनही चीड येते. बहादूरचे होते त्यात जास्त. बहादूर आपला देशी हिरो, आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये आणलेला, चित्रं सुरुवातीला गोविंद ब्राह्मणियांची, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स, बाप डाकू आणि हा डाकूंच्या विरोधात गावकऱ्यांना उभं करणारा. जादूगार मँड्रेक, वेताळ सगळे बाहेरचे, हा एकटा आपल्यासारखं बोलणारा, मोटारसायकलवरून गावात फिरणारा. मला आजही सगळ्यात जवळचा तोच. परत जमवतोय आता, एकेक करून.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):
पुराबद्दल लिहायलाच हवं. २००५ चा २६ जुलै आणि २०२१ चा २२ जुलै, दोन्ही बघितले. आपल्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, त्याचीही पुस्तकं दोन्ही वेळा पाण्याखाली गेली, तिथे घरातल्या कॉमिक्सचं काय. पण माझे २०२१ चे बरेचसे अंक वाचले, ते कसे ते नीट सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

भिजलेला अंक उन्हात टाकायचा नाही. पानं आक्रसतात, लाटा येतात आणि रंग उडतो. गाळ लागला असेल तर अंक मिटलेलाच धरून स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने विसळायचा, उघडून चोळायचा नाही. मग पानांमध्ये टीपकागद नाहीतर कोरा न छापलेला कागद, पेपर नको, त्याची शाई उतरते. पंखा लावून सावलीत, कागद सारखे बदलत. गुळगुळीत मुखपृष्ठं मात्र ओली असतानाच वेगळी करा, एकदा एकमेकांना चिकटून वाळली की सुटत नाहीत, चित्रच सोलून येतं. आणि ढीग मोठा असेल, सगळं एकदम वाळवणं शक्य नसेल, तर बाकीचे पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. आठवडे राहिले तरी बुरशी धरत नाही, जमेल तसे काढून वाळवता येतात. शेजारच्या आइस्क्रीमवाल्या काकांनी त्यांचा डीप फ्रीजर दिला, वीज आल्यावर. स्वतःच्या दुकानाचं एवढं नुकसान झालेलं असताना. हे मी विसरणार नाही.

खाडीपलीकडे (दापोली तालुका):
आमच्या मोहल्ल्यात अर्धी घरं आखातात. अब्बा कुवेतला होते, त्यामुळे आमच्याकडे इंद्रजाल कमी आणि कमांडो जास्त. छोटी खिशात मावणारी ब्रिटिश युद्धकथांची पुस्तकं, आत सगळं काळंपांढरं, स्कॉटलंडमधल्या डंडीची डी सी थॉमसन कंपनी १९६१ पासून काढते. अब्बांबरोबर काम करणारे लोक वाचून टाकून द्यायचे, ते गोळा करून अब्बा आणायचे. मला इंग्रजी येत नव्हतं तेव्हा. चित्रांवरून मी आणि माझी बहीण गोष्ट बनवायचो आणि संध्याकाळी ओट्यावर सगळ्या पोरांना मराठीतून सांगायचो, रोज वेगळी. नंतर इंग्रजी शिकल्यावर खऱ्या गोष्टी वाचल्या, चांगल्या आहेत, पण आमच्या जास्त लांब आणि जास्त रंगायच्या. टिनटिनचे दोन मोठे अल्बमसुद्धा आले होते, ते मात्र कपाटात कुलपात, हात धुतल्याशिवाय मिळायचे नाहीत. कमांडो सगळे बहिणीकडे आहेत, ती आता महाडला असते, तिची मुलं वाचतात.

चित्रकलेचे सर (देवरूख):
अमर चित्र कथेबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? मी चित्र काढायला शिकलो ते तिथून. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली मालिका, पण माझ्यासारख्याला जास्त महत्त्वाचे त्यातले चित्रकार, राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, आपलीच माणसं. प्रताप मुळीकांचा घोडा बघा, पायांचे सांधे, मान वळवताना पडणारी घडी, सगळं अभ्यासून काढलेलं. मी तेल लावलेल्या कागदावर तो घोडा गिरवून गिरवून हात बसवला, ट्रेसिंग पेपर कुठला मिळायला तेव्हा आमच्या गावात. पुढे त्याच मुळीकांनी राज कॉमिक्सच्या नागराजची चित्रं काढली. नागराज वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो, हात एकच आहे हे पोरं स्वतः ओळखतात. जुना अंक वर्गात फिरवायला भीती वाटते का असं विचारतात लोक. वाटते, तरी फिरवतो.

मोतीतलाव (सावंतवाडी):
मी गेली बरीच वर्षं जमवतो, विकत घेतो, अदलाबदल करतो. नवीन लोकांसाठी थोडं.

एक म्हणजे बाइंडिंग. पूर्वी लोक आठ-दहा अंक एकत्र पुठ्ठ्यात बांधून घ्यायचे, बाइंडर कडा कापायचा, कधी कधी मुखपृष्ठंही काढून टाकायचा. बाजारात अशा अंकांना भाव कमी, संग्राहक नाक मुरडतात. पण कोकणात आजवर मला जे मराठी अंक चांगल्या अवस्थेत मिळाले त्यातले बहुतेक बांधलेलेच होते. सुटे गेले, बांधलेले राहिले. म्हणून बाइंडिंग सोडवून एकेक अंक विकू नका, माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे.

दुसरं, खोटे अंक. सुरुवातीचे, साठ पैसे किमतीचे अंक दुर्मीळ, भाव मोठा, त्यामुळे रंगीत झेरॉक्स जुना म्हणून खपवतात. भिंग घेऊन चित्र बघा. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके वेगवेगळे आणि एका ओळीत दिसतात, रंग जरा सरकलेलेही असतात, कॉपीत रेषा मऊ होऊन ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात. कागदही बघा, जुना वर्तमानपत्री कागद कडेने जास्त पिवळा असतो आणि आत कमी. सगळीकडे सारखाच पिवळा असेल तर संशय घ्या.

तिसरं, प्लास्टिक. साधी मऊ पीव्हीसी पिशवी शाईला चिकटते, पॉलीप्रॉपिलीनची घ्या. आणि पावसाळ्यात अंक पिशवीत बंद करू नका, आतला ओलावा आतच राहतो आणि बुरशी हमखास. पौष-माघात, हवा कोरडी असताना भरा, सिलिका जेलची पुडी टाका, कपाट भिंतीपासून वीतभर लांब. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवायच्या नाहीत. कसरीसाठी आमच्याकडे वेखंड ठेवतात फडक्यात बांधून, मला त्याचा उपयोग झालाय.

सुपारीच्या बागेत (श्रीवर्धन):
निसर्ग वादळात, ३ जून २०२०, कौलं उडाली आणि माळ्यावर सरळ पाऊस. बाग गेली तेव्हा कॉमिक्सकडे कोण बघतो. महिन्याने बाबांनी पत्र्याची ट्रंक उघडली तर आत चांदोबा आणि इंद्रजाल कोरडे ठणठणीत! त्या सबंध जूनमध्ये बाबा हसलेले मला तेवढेच आठवतात. एकच अडचण, पिना सगळ्या गंजल्यात आणि गंजाचे डाग आत उतरतायत. काय करू?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):
@सुपारीच्या बागेत, पिना काढाच, खाऱ्या हवेत गंज थांबत नाही. पण ओढायच्या नाहीत. मधलं पान उघडा, बोथट सुरीने पिनेचे दोन्ही पाय सरळ उभे करा, मग बाहेरच्या बाजूने हळू उचला. पाय मोडला तर मोडू दे, कागद फाटता कामा नये. नंतर त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने एक टाका घाला, सैलसर. डाग राहतील, वाढणार नाहीत. फाटलेल्याला सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत तपकिरी होते आणि अक्षरं खाते.

पडवीतली (रत्नागिरी):
किती छान लिहिताय सगळे. मी एक वही केलीय, कुणाकडे कुठला मराठी अंक आहे त्याची यादी, अंक क्रमांक, मुखपृष्ठ आहे की नाही, आणि आत कुणाकुणाची नावं लिहिलीयत तेसुद्धा. गणपतीला चाकरमानी घरी येतील तेव्हा माळे उघडतीलच, घरं पाडून बांधकामं चाललीयत ठिकठिकाणी, तर भंगारवाल्याला ट्रंक देण्याआधी एकदा बघा आणि इथे कळवा.

आंबेवाला (देवगड):
माझ्याकडे मँड्रेकचे काही अंक दोन-दोन आहेत, मराठी, मुखपृष्ठासकट. बदल्यात बहादूर हवेत, कसेही चालतील, फाटके, बांधलेले, नावं घातलेले.

मोतीतलाव (सावंतवाडी):
@आंबेवाला, एक बांधलेला खंड आहे बहादूरचा, कडा कापलेल्या आहेत पण पानं पूर्ण. चतुर्थीनंतर कणकवलीला येणार आहे, स्टँडवर भेटू. मँड्रेक घेऊन या.