मदत हवी आहे : आदराची वस्तू मूर्ती कधी होते?

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत तरुणांच्या बायबल अभ्यासासाठी मूर्तिपूजेचे धोके हा विषय घेतला आहे. काही घरांत लाकडी क्रूसाला अबोलीची वेणी घालतात, एसएसएलसीचे (दहावीच्या परीक्षेचे) हॉल तिकीट त्याखाली ठेवतात आणि तिकीट तेथे ठेवले नाही तर पेपर अवघड जाईल अशी भीती मुलांच्या मनात असते. मला क्रूसापेक्षा ही भीती अधिक चिंतेची वाटते.

बायबलमधील गणना 21 मधील पितळी सर्प देवाच्याच आज्ञेने उभारला गेला होता, तरी पुढे लोक त्याला धूप जाळू लागले म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4), हा उतारा आम्ही सविस्तर वाचला आहे. शास्ते 8:27 मधील गिदोनाने बनवलेले व पुढे लोक ज्याची पूजा करू लागले ते एफोद (याजकाचे वस्त्र) आणि लोभाला मूर्तिपूजा म्हणणारे कलस्सै 3:5 हेही झाले. पाळकांशी बोललो, त्यांनी क्रूस काढायला लावू नये, समजावून सांगावे, असे सुचवले व ते मला पटते.

अनेक कुटुंबांत सोयरीक कॅथलिक घरांशी आहे, त्यामुळे पंथांचा वाद किंवा हिंदू शेजाऱ्यांच्या पूजेवर टीका नको आहे. मुलांचे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले असल्याने उत्तर सोप्या मराठीत असावे.

जाणकार बंधुभगिनींनी कृपया सांगावे : स्मरणासाठी ठेवलेल्या वस्तूवर आपला भरवसा जाऊन बसला आहे, हे मुलांना स्वतःच ओळखता यावे यासाठी त्यांना कोणते प्रश्न विचारावेत, आणि त्याला आधार म्हणून नव्या करारातील कोणता उतारा घ्यावा?