लँडस्केप शार्प येत नाहीत, किट लेन्स बदलू का?

रानवाटा_पुणे
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन २००डी कॅमेरा आहे आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. मागच्या रविवारी पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, सोनकी नुसती फुललेली, पुढे पिवळीजर्द फुलं आणि मागे कोकणकडा असा फोटो डोक्यात धरूनच गेलो होतो. घरी लॅपटॉपवर मोठा करून बघितला तर फुलं पण मऊ आणि कड्याच्या कपारी तर पुसल्यासारख्या. मोबाईलवर बरा दिसतो, पण मला तो २० बाय ३० इंच प्रिंट करून आईबाबांच्या घरी लावायचा होता, खूप हिरमोड झाला. आता जुन्यात १०-१८ ची वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य मावणारी) मिळतेय ती घ्यावी म्हणतोय. शार्पनेस वाढेल ना तिने? का थांबून पैसे साठवू आणि सरळ फुल फ्रेमलाच (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) जाऊ?

काजवा
१०-१८ घेऊन टाक. २४० ग्रॅमची लेन्स आहे, सॅकमध्ये आहे हे कळत पण नाही. आणि कोकणकड्याची ती अर्धगोल वाटी १८ मध्ये मावतच नाही, १० ला मस्त बसते.

डोंगरवारा
घाई नको करूस. आधी सांग, एफ नंबर म्हणजे लेन्सचं छिद्र किती होतं, शटर किती सेकंदाचं, फुलं लेन्सपासून किती लांब, ट्रायपॉड होता का आणि लेन्सवर फिल्टर आहे का?

रानवाटा_पुणे
एफ २२, कारण पुढचं मागचं सगळं फोकसमध्ये हवं होतं. शटर १/१५, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १००, हातातच धरलेला. फुलं साधारण फुटावर असतील. यूव्ही फिल्टर आहे, साधाच, स्वस्तातला.

डोंगरवारा
मग लेन्सला दोष देऊ नकोस रे. एफ २२ ला छिद्र एवढं बारीक होतं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, त्यात लेन्स लाखाची असली तरी सगळंच मऊ येतं. तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एफ ११ च्या पुढे ते दिसायला लागतं. एफ ८ ला ठेव, किट लेन्स तिथेच सगळ्यात चांगली चालते. आता फोकसचं, १८ वर एफ ८ ला दोन मीटरच्या जरा पुढे फोकस धरलास तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत चालून जातं, पण फुटावरचं फूल त्यात येणारच नाही. त्याला दोन फोटो काढायचे, एक फुलावर फोकस करून, एक कड्यावर, आणि घरी जोडायचे. इथे काजवाचं म्हणणं बरोबर आहे, १० ला एफ ८ वर पाऊण मीटरला फोकस ठेवला तर फूटभरापासून पुढचं बरंचसं बसतं. पण लक्षात घे, १० ला कडा पण लांब आणि छोटा दिसणार. म्हणजे ती लेन्स घ्यायची तर त्या कोनासाठी घे, शार्पनेससाठी नको.

आणि १/१५ ला हातात, त्यात कड्यावरचा वारा! लेन्समधला स्टॅबिलायझर हाताची थरथर सांभाळेल, पण हलणाऱ्या फुलाला काय करणार? फुलाच्या फोटोला आयएसओ ४०० नाहीतर ८०० कर आणि १/२०० च्या आसपास शटर मिळव. कड्याचा फोटो ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) १० पट मोठा करून हाताने फोकस, दोन सेकंदाचा टायमर. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस, खाली सॅक अडकव पण ती जमिनीला टेकू दे, नाहीतर झोके घेत बसते. फुल फ्रेमचं म्हणशील तर ३० इंचाला तुझे ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला २०० होतात, भिंतीवर लावायला भरपूर झाले.

निळी_वाट
दादा, एक राहिलं, हवा पण बघायला हवी. आम्ही एप्रिलमध्ये कोकणकड्यावर गेलो होतो, खाली कोकण म्हणजे नुसता पांढरा पडदा, त्याला कुठलीच लेन्स काही करू शकत नाही. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जी हवा असते ना, त्यात लांबचे सुळके कोरल्यासारखे दिसतात. आणि लँडस्केप म्हणजे वाइडच असं पण नाही, मी लांबचं जवळ आणणाऱ्या ५५-२५० लेन्सने एकामागे एक डोंगररांगा काढते, मला तेच जास्त आवडतं.

जुनी लेन्स घेणार असशील तर आधी मागून टॉर्च मारून बघ, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी फार लागते, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं की नको म्हण. आणि भिंतीला पेपर चिकटव, कॅमेरा सरळ समोर लावून एक फोटो काढ, चारही कोपरे सारखे यायला हवेत.

रानवाटा_पुणे
काल सुट्टी होती म्हणून गच्चीत बसून करून बघितलं. समोरच्या बिल्डिंगच्या विटांवर, ट्रायपॉडवर, एफ ८, ११, १६, २२ असे ओळीने. एफ ८ ला विटांमधला सिमेंटचा खरबरीतपणा दिसतो, २२ ला नाही!! मग फिल्टर काढून तेच परत केलं तर त्यात पण फरक, संध्याकाळच्या उन्हात तर बराच. फिल्टर काढूनच टाकला. लेन्सचे पैसे तूर्त तसेच ठेवतो, हातातला ट्रायपॉड डगमगतो तो आधी बदलेन. सोनकी अजून आठ-दहा दिवस असेल ना वर? या शनिवारी रात्रीच निघायचा विचार आहे.

निळी_वाट
असेल की, आम्ही दसऱ्याला गेलो होतो तेव्हा पण होती. पहाटे कोकणकडा सावलीत असतो, तोंड पश्चिमेला आहे त्याचं. दुपारी चारनंतर ऊन कड्यावर येतं, तोपर्यंत थांब.