प्रतिसाद: अ‍ॅस्ट्रोसाइट विरुद्ध ग्लायोमा
मेंदूच्या नॉर्मल पेशी डिशमध्ये वाढतच नाहीत असं वर म्हटलंय, ते न्यूरॉनपुरतं बरोबर (त्या विभागून वाढत नाहीत), पण अ‍ॅस्ट्रोसाइट (न्यूरॉनना आधार देणाऱ्या मेंदूतल्या पेशी) चांगल्या वाढतात की, फक्त तळ भरला आणि शेजारणीला टेकल्या की थांबतात. ग्लायोमाच्या, म्हणजे अशा आधार-पेशींसारख्या पेशींच्या मेंदूतल्या गाठीच्या, पेशींना ती शिस्त नाही, एकीच्या डोक्यावर दुसरी.

एमएस्सीला कोल्हापुरात माझ्याकडे दोन्ही होत्या, उंदराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट आणि सी६ ग्लायोमा (लॅबमध्ये वाढवतात ती ग्लायोमा पेशींची एक जात), सारख्याच मोजून टाकलेल्या. पंचगंगेला पाणी चढलं, तीन दिवस लॅबला जाताच आलं नाही (इन्क्युबेटर जनरेटरवर चालू राहिला हे नशीब), गेलो तर अ‍ॅस्ट्रोसाइटचं मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रव) गुलाबीच आणि सी६चं पार पिवळं, अ‍ॅसिड झालेलं, ढीग सुटून वर तरंगतायत. आणि सॉफ्ट अगारमध्ये (मऊ जेलीत), म्हणजे चिकटायला तळच नाही तिथं, अ‍ॅस्ट्रोसाइट वाढत नाहीत, सी६च्या मात्र गुठळ्या होतात.