सोडलेल्या बाल्ड ईगलचा ठिपका चार दिवस हलला नाही, म्हणजे काय?

प्रश्न: अमेरिकेत शिशाच्या विषबाधेतून बरा करून, पाठीवर जीपीएस यंत्र बांधून सोडलेला बाल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचा गरुड) नकाशावर एकाच जागी दिसतोय. मेला समजायचं का?

प्रतिसाद १: लगेच नाही. आधी शेवटच्या नोंदीची वेळ बघा. नोंदच जुनी असेल तर पक्षी मोबाईल टॉवरच्या टप्प्याबाहेर असेल; यंत्र नोंदी साठवतं आणि टप्प्यात आल्यावर एकदम पाठवतं. हिवाळ्यात ढगाळ दिवसांत सौर बॅटरी उतरते, कधी पिसांखाली पॅनेल झाकलं जातं. नोंदी ताज्या, जागा तीच आणि हालचालीचा सेन्सरही शांत असेल, तर मात्र काळजी. अशा वेळी पक्षी सोडणाऱ्या उपचार केंद्राला तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश कळवा.

प्रतिसाद २: नोंदींतलं अंतरही तपासा. काही मीटरची सरकासरकी ही जीपीएसची चूक असते, उड्डाण नव्हे.

प्रतिसाद १: बरोबर. यंत्र पाठीवर टेफ्लॉनच्या पट्ट्यांनी बांधतात. वजन पक्ष्याच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा संकेत आहे. पट्टा सैल राहिला तर पंख अडकतो, घट्ट झाला तर कातडी सोलते.

प्रतिसाद ३: बरा झालेला पक्षी पुन्हा विषबाधित होऊ शकतो, हे विसरू नका. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकतात, त्यात शिशाच्या गोळीचे बारीक कण असतात. गरुडाच्या जठरातलं आम्ल ते विरघळवतं. तांब्याच्या गोळ्या वापरल्या तर हे टळतं. मेलेला पक्षी सापडला तर हात लावू नका, पीसही उचलू नका. अमेरिकेच्या १९४० च्या गरुड संरक्षण कायद्याने परवान्याविना ते बाळगणं गुन्हा आहे.